केसतेलाच्या सेल्समनचा विग

डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसलेला माणूस सहसा वाद घालत नाही. विलास परब घालत होता.

"ताई, पुढून अजून खाली घ्या ना. भुवयांच्या वर दोन बोटं."

"दोन बोटांवर माकडाचे केस सुरू होतात," मी म्हटलं. "गप्प बस. हललास तर पहिल्यापासून टेप लावावी लागेल."

विग म्हटलं की लोकांना टोपीसारखी वस्तू डोळ्यांसमोर येते. तसं नसतं. आधी डोक्याचा साचा घ्यायचा. ऐंशीच्या दशकात त्याची आमची पद्धत म्हणजे प्लास्टिकची पिशवी डोक्यावर घट्ट ओढायची आणि वरून सेलोटेपचे थर द्यायचे. टेप कडक झाली की डोक्याचा आकार त्यात उतरतो. मग पेनने रेघ मारायची, केस कुठून सुरू होणार आणि कुठे संपणार. सगळी अक्कल या रेघेत आहे. माणसाने कपाळाला आठ्या घालाव्यात, आठ्या जिथे संपतात तिथून थोडं वर केसांचं गाव. त्याच्या खाली आलं की माणूस सोंग दिसतो.

सोंगांचं मला वावडं नव्हतं. जोगेश्वरी पूर्वेला माझा छोटा गाळा होता. वडील दिवसा गिरणीत आणि उरलेल्या वेळात नाटकवाल्यांचे टोप विणायचे, त्यांच्याकडून मी शिकले. शाळांच्या स्नेहसंमेलनांना दाढ्या-मिशा भाड्याने द्यायचे. विलास बसला होता त्याच्या डोक्याच्या वरच रावणाच्या दहा जोडी मिशा खिळ्याला लटकत होत्या. पण मिशांवर घर चालत नाही, म्हणून टक्कल पडलेल्यांसाठी पॅच बनवायला लागले. पॅच म्हणजे पूर्ण विग नाही, टकलापुरता तुकडा. बाजूचे केस माणसाचे स्वतःचे, वरचे माझे.

विलासचं टक्कल कपाळापासून टाळूपर्यंत स्वच्छ होतं. वय तिशीच्या आसपास. अंधेरीच्या एका केसतेलाच्या कंपनीत तो गोदामात खोकी मोजायचा. कंपनी पुढे बंद पडली, तरी नाव सांगत नाही. गोदामात त्याची कित्येक वर्षं गेली होती आणि त्याला बाहेर पडायचं होतं. मालाड ते बोरिवलीच्या दुकानांची लाइन सांभाळणारा सेल्समन सोडून गेला. विलासने अर्ज केला. तोंड गोड, हिशेब पक्का, मेहनतीला मागेपुढे पाहणारा नाही. सेल्स मॅनेजर देसाईसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि बराच वेळ त्याच्या डोक्याकडेच बघत राहिले.

"परब, तू भिंतीलासुद्धा माल विकशील," साहेब म्हणाले. "पण तेलाची बाटली पुढे करताना तुझं डोकं बघून दुकानदार काय म्हणेल? महिनाभरात केस आण. कुठून आणायचे ते मला सांगू नकोस. नाहीतर तुला फिनाइल डिपार्टमेंटला टाकतो, तिथे टक्कल चालतं."

विलासच्या आईने तोवर अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. मुलगा सेल्समध्ये लागला म्हणून. आता परत गोदामात जायचं, तेही फिनाइलच्या, म्हणजे आईला तोंड दाखवायची सोय नाही. तो मला हे सांगत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याची खरंच दया आली. पण रेघ मी खाली घेतली नाही.

मग केसांची निवड. त्याने पाकिटातून एक फोटो काढला. न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरचा कुणी हिरो, कान झाकलेले, पुढे झुपका. मी म्हटलं, हे केस त्या चेहऱ्याला शोभतात, तुझ्या चेहऱ्यावर ते भाड्याने आणलेले दिसतील. पहिल्या पॅचचा नियम एकच. लोकांनी म्हटलं पाहिजे, बरे आहेत केस. वा म्हटलं तर समजायचं, वाट लागली. म्हणून पुढची कड मुद्दाम विरळ ठेवायची. रंग जुळवायला मी त्याच्या मानेवरचे चार केस कापून घेतले. काळ्यात थोडे तपकिरी मिसळायचे ठरवले आणि दहा-बारा पांढरेही घालते म्हणाले.

"पांढरे?" तो खुर्चीतून उठलाच. "ताई, मी केस लावायला आलोय, म्हातारा व्हायला नाही."

मी त्याला समजावलं की कानावर पांढरा दिसतो आणि वर एकही नाही, हे बायका लगेच ओळखतात. तो कसाबसा तयार झाला. नंतर कळलं की घरी आरशात बघून त्यातले चार त्याने उपटले होते.

पॅच विणायला वेळ लागतो. बारीक जाळी साच्यावर ताणायची आणि हुकासारख्या सुईने एकेक केस जाळीला गाठ मारून बसवायचा. हजारो गाठी. मान मोडून येते. शिवाय केस मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने लावावे लागतात, उलटसुलट झाले की गुंता. केस दलालाकडून यायचे. दक्षिणेतल्या देवस्थानांत लोक केस वाहतात, ते लिलावात व्यापारी घेतात, व्यापाऱ्यांकडून दलाल आणि दलालाकडून आम्ही. विलासला हे सांगितलं तेव्हा त्याने हात जोडले होते. साधा माणूस.

लावायच्या दिवशी तो आईला घेऊन आला. मी त्याच्या टकलावरची लव वस्तऱ्याने काढली, स्पिरिटने पुसलं. तेलाचा अंश राहिला तर काही चिकटत नाही. मागे आणि बाजूंना दोन्हीकडून चिकटणारी टेप, पुढच्या कडेला नाटकवाल्यांचा गोंद. गोंद बोटाला तार धरेपर्यंत थांबायचं, मग पुढून मागे पॅच ठेवायचा आणि कंगव्याच्या पाठीने दाबायचा. एकदा ठेवला की सरकवायचा नाही. शेवटी कात्री घेऊन त्याचे केस आणि माझे केस एक करून टाकले.

आरसा दिला. विलासने तो जवळ घेतला. हात वर नेला, पुन्हा खाली घेतला. आईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा गेले त्या वर्षी असाच होतास रे तू." मग दोघंही रडायला लागले आणि मलाही भरून आलं. या धंद्यात हा एक क्षण असतो, त्यासाठी मान मोडली तरी चालते.

मग मी नियम सांगितले. पंख्याखाली तोंड वर करून झोपायचं नाही. कुणाला केसांतून हात फिरवू द्यायचा नाही. आठवड्याने येऊन टेप बदलून घ्यायची.

"आणि तेल अजिबात लावायचं नाही. तेलाने गोंद सुटतो."

विलासचा चेहरा पडला. "ताई, मी तेल विकतो. दुकानात स्वतःच्या डोक्याला लावून दाखवायचं असतं. साहेबांची पद्धतच आहे तशी."

मी कपाळावर हात मारला. हे मला आधी का सांगितलं नाहीस म्हणून त्याला झापलं. मग तोडगा काढला. स्वतःच्या डोक्याला लावू नकोस, दुकानदाराच्या डोक्याला लाव. मालीश करून दे. फुकट मालीश कुणाला नको असते?

ही आयडिया भलतीच चालली. मालाडच्या बाजारात कोरगावकरशेठ म्हणून मोठे डीलर होते. डीलर म्हणजे कंपनीकडून घाऊक माल उचलून आसपासच्या दुकानांना देणारा. मूळचे सावंतवाडीकडचे, किराण्याचं मोठं दुकान, मागे गोदाम. पन्नाशी उलटलेली आणि टाळूवर वाटीएवढा चंद्र. विलासने गल्ल्यामागे उभं राहून त्यांना तेल चोळून दिलं. शेठचे डोळे मिटले. उघडले तेव्हा ते म्हणाले, रे झिला, दर आठवड्याक येत जा. ऑर्डर दुप्पट झाली. देसाईसाहेब खूश. मला वाटलं, झालं काम झकास.

पण साहेबांचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. चांगला सेल झाला म्हणून बड्या डीलर्सना कंपनीतर्फे सहल न्यायची ठरली. सगळी देवभक्त मंडळी, म्हणून सहल कुठे, तर तिरुपतीला. केसतेलाच्या कंपनीने आपली सगळी गिऱ्हाइकं मुंडण करायच्या गावी न्यायची! हे सुचायलाही सेल्स मॅनेजरच लागतो. सोबत सेवेला विलास.

तो माझ्याकडे धावत आला. कोरगावकरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आपण दोघं शेजारी शेजारी बसून बालाजीला केस देऊ. नाही म्हणावं तर शेठ रागावणार. हो म्हणावं तर न्हाव्याचा वस्तरा जाळीत अडकणार आणि अख्खी डीलर मंडळी बघणार. साहेबांना मनातून ठाऊक असलं, तरी बड्या डीलरने तोंडावर सांगितलं असतं की तुमचा माणूस विग लावून केसतेल विकतो, तर फिनाइल डिपार्टमेंट पक्कं होतं.

मी त्याला शांत केलं आणि योजना सांगितली. मुंडणाच्या हॉलमध्ये शिरण्याआधी न्हाणीघरात जायचं. स्पिरिट लावून पॅच काढायचा, डब्यात ठेवायचा. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळायचा. शेठपासून लांबचा न्हावी बघायचा आणि बाजूचे केस काढून घ्यायचे. बाहेर आल्यावर सगळेच तुळतुळीत. कोण कुणाला ओळखतो? परत आलास की महिना-दीड महिना थांबू आणि तोच पॅच कापून आखूड करू. म्हणायचं, केस आले.

स्पिरिटची बाटली, टॉवेल, डबा, सगळं मी स्वतः भरून दिलं.

आठवड्याने तो आला. डोकं चकाचक, गळ्यात प्रसादाची पिशवी. मी आधी डबा मागितला. त्याने लाडू पुढे केला.

"डबा, विलास."

"डबा आहे ताई. आत काही नाही."

मग त्याने सांगितलं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. शेठ चार न्हावी सोडून पलीकडे बसले. विलासचे कानावरचे केस उतरले. पण आजूबाजूला माणसं डोळे मिटून, गोविंदा म्हणत केस देत होती. बायका कमरेइतके केस देत होत्या. विलासच्या मनाला लागलं की एवढ्या लांब येऊन देवाला आपण कानावरचा कचरा देतोय आणि चांगले केस डब्यात लपवून नेतोय. त्याने डबा उघडला आणि पॅच केसांच्या ढिगावर ठेवून दिला. न्हाव्याने पॅच बघितला, विलासकडे बघितलं, आणि पॅचला नमस्कार केला.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या मानेचे हाल, माझे डोळे, त्या हजारो गाठी! आणि केस कुठून आले होते? त्याच देवाकडून. दलालाने आणले, मी विणले आणि या शहाण्याने परत नेऊन दिले.

"तू देवाला देवाचेच केस दिलेस, गाढवा. तेही जाळी लावून."

"माझं मन मोकळं झालं, ताई," तो म्हणाला. चेहऱ्यावर इतकं समाधान की मला पुढे ओरडताही येईना. मी लाडू खाल्ला.

आता खरी पंचाईत सुरू झाली. कोरगावकरशेठ आणि विलास यांचं मुंडण एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये झालेलं. शेठचे केस वाढणार, तसतसे विलासचेही वाढले पाहिजेत. नाहीतर शेठ विचारणार, माझे आले, तुझे का नाही? थोडक्यात, मला वाढणारे केस बनवायचे होते. असं काम माझ्या बापानेही केलं नव्हतं.

पहिले दिवस टोपीवर निभावले. देवाची टोपी आहे, नवस आहे, असं तो सांगायचा. तेवढ्यात मी अर्ध्या बोटाचा पॅच विणला. इथे धंद्यातली एक अडचण सांगते. लांब केस आडवे पडतात, थोड्या केसांतही जाळी झाकली जाते. आखूड केस उभे राहतात आणि मधून जाळी दिसते. म्हणून आखूड पॅच दाट विणावा लागतो, पहिल्यापेक्षा बराच दाट. मी विणला आणि विलास तो लावून मालाडला जाऊ लागला. त्याचा परिणाम काय होईल हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसरा घोटाळा विलासने केला. शेठचे केस किती वाढले ते बघून ये, असं मी त्याला सांगितलं. तो बघून आला आणि बोटाने दाखवलं, एवढे. घाबरलेल्या माणसाचं माप नेहमी मोठं असतं. मी त्या मापाचा पुढचा पॅच दिला. विलास मालाडला गेला, टोपी काढली, आणि कोरगावकर स्टुलावरून उठले. आठवड्यात केस दुप्पट! आणि दाट! तिरुपतीला जाण्याआधी पुढे विरळ होते, आता कपाळापासून टाळूपर्यंत गवत. शेठनी आपली टोपी काढून आरशात बघितलं. त्यांचे खुरटे, पांढरट, आणि टाळूवरचा चंद्र होता तिथेच.

"तेल," शेठ म्हणाले. "तेलच. तू रोज लावतस?"

विलासला सेल्समनचा धर्म आठवला. तो म्हणाला, "रोज, शेठ."

दुसऱ्या दिवशी कोरगावकरांनी इतकी खोकी मागवली की गोदामात ती छतापर्यंत रचावी लागली. येईल त्या गिऱ्हाइकाला ते विलासची कथा सांगू लागले. बालाजीला केस दिले, आमचं तेल लावलं आणि बघा. बोरिवलीपर्यंतचे दुकानदार विलासचं डोकं बघायला मालाडला येऊ लागले. कहर म्हणजे देसाईसाहेब. केस कुठून आणायचे ते सांगू नकोस म्हणणारा हा माणूस, विग आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने एके दिवशी दार लावून विलासला विचारलं, "परब, खरंच आले का रे?"

माप आता मी विलासवर सोडणार नव्हते. दर मंगळवारी बस पकडून मी स्वतः मालाडला जाऊ लागले. कोरगावकरांच्या दुकानात उभं राहायचं, पाव किलो साबुदाणा मागायचा आणि शेठ तो तोलेस्तोवर त्यांच्या डोक्याकडे नीट बघायचं. कानावर किती, मागे किती, भोवरा कुठे. शेठना बहुतेक वाटलं असावं की बाईला आपल्यात रस आहे. तिसऱ्या मंगळवारी ते भांग पाडून बसले होते. भांग पडण्याइतके केस नव्हते, तरी.

चौथ्या मंगळवारी साबुदाणा तोलायला त्यांची बायको उभी होती. रुंद कपाळ, रुंद कुंकू. तिने पुडी बांधली, पण हातात दिली नाही.

"खंय रवतंस गो बाये?"

"जोगेश्वरीला."

"जोगेश्वरेक साबुदाणो मिळणा नाय?"

मी म्हटलं, मिळतो, पण इथला चांगला. ती म्हणाली, दर मंगळवारी उपास असतो वाटतं. मी हो म्हटलं. मग तिने पुडी गल्ल्यावर ठेवली आणि सरळ विचारलं, "ह्येंच्या डोक्याकडे कित्याक बघतंस?"

मी नजर तराजूकडे वळवली. खोटं बोलायची सवय मला केसांपुरतीच. तोंडाने जमत नाही. नाव काय, काम काय, गाळा कुठे, तिने विचारलं ते सगळं मी खरं सांगून टाकलं. टोप बनवते म्हटल्यावर तिच्या भुवया वर गेल्या. मी पुडी तिथेच टाकून बस पकडली.

दोन दिवसांनी विलास पुढचा पॅच लावायला आला होता. जुना काढून झाला होता, डोकं उघडं, मी स्पिरिटने पुसत होते. टेबलावर लाकडी डोक्यांवर तिन्ही आखूड पॅच ओळीने ठेवले होते. लहान, मधला, मोठा. दारात सावली पडली. कोरगावकरवहिनी. माझा सोक्षमोक्ष लावायला आल्या होत्या, पदर खोचूनच.

त्यांनी विलासला बघितलं. मग लाकडी डोकी बघितली, डावीकडून उजवीकडे, एकेक. मग पुन्हा विलासला. आणि त्या माझ्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं, पाणी पिताना पुन्हा हसू आलं. विलास मात्र खुर्चीत हात जोडून बसला होता. त्याने गोदामापासून आईच्या पेढ्यांपर्यंत सगळं सांगितलं. वहिनी, माझी नोकरी तुमच्या हातात आहे, म्हणाला.

वहिनींचं हसू थांबलं. त्या म्हणाल्या, पोरा, तुझं वाईट वाटतं, पण माझ्या घरात काय चाललंय ते तुला ठाऊक नाही. शेठ रोज अर्धी बाटली डोक्यावर ओततात. वर तासभर उन्हात बसतात. उशीचे अभ्रे धुऊन धुऊन हात गेले माझे, अंथरूण तेलकट, भिंतीला डाग. परवा कुणीतरी सांगितलं, तर शीर्षासन करायला लागले आणि कपाटावर पडले.

"नवऱ्यापासून लपवून ठेवायचा माका जमाचा नाय," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "आज रात्री मी सांगतलंय."

विलास त्या रात्री जेवला नाही, असं त्याची आई मला नंतर म्हणाली. मलाही झोप लागली नाही. माझं काय, मला मिशा होत्या. पण तो माणूस फिनाइलमध्ये जाणार होता आणि त्यात अर्धा हात माझ्या दाट विणकामाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोरगावकरांची स्कूटर माझ्या गाळ्यासमोर थांबली. मागे विलास, एका हाताने शेठना धरलेलं, दुसऱ्या हाताने केसांना. शेठनी त्याला खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, काढ. मी पॅच काढला. शेठनी तो हातात घेतला, उलटा केला, जाळीवरून अंगठा फिरवला. रागाने त्यांचे कान लाल झाले होते.

"ह्येका तेल लावतस?" त्यांनी विचारलं.

"नाही, शेठ. तेलाने गोंद सुटतो."

"कधीच नाय लावलंस?"

"कधीच नाही."

"म्हणजे मालाडपासून बोरिवलीपर्यंत ज्याच्यामुळे लोक तेल लावतात, तो तू एकटाच तेल लावत नाहीस."

विलासने मान खाली घातली. मी म्हटलं, शेठ, साहेबांना सांगायचं तर सांगा, पण त्याची नोकरी जाईल. गुन्हा काय, तर देवाशी खोटं बोलायला जमलं नाही, म्हणून दुकानदाराशी बोलला. शेठनी माझ्याकडे बघितलं. मग पॅचकडे. मग बाहेर रस्त्याकडे. ओठ हलत होते. मला आधी वाटलं, शिव्या देतात. पण ते मनातल्या मनात खोकी मोजत होते. छतापर्यंत रचलेली खोकी. वर बोरिवलीच्या पाच दुकानांत पोचवलेला माल. वर प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने सांगितलेली विलासच्या केसांची कथा.

त्यांचे कान हळूहळू पांढरे पडले. ते उठले आणि गाळ्याचं दार ओढून घेतलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

आम्ही दोघं, विलासची आई, तुमची बायको आणि थोडेसे देसाईसाहेब, असं मी सांगितलं.

"बायकोला मी बघतो," शेठ म्हणाले. "साहेबाला विचारलं तर सांगायचं, खरंच आले. आणि तू, बाई, उद्यापासून साबुदाणा न्यायला येऊ नकोस. लोक बोलतात." मग त्यांनी विलासला हाताला धरून खुर्चीतून उठवलं आणि स्वतः तिच्यात बसले. टोपी काढली. "माझं माप घे. गिऱ्हाइकं विचारतात, शेठ, तेल तुमचं आणि तुमच्याच टाळूवर का नाही येत? पण एकदम नको. महिन्याला थोडं थोडं. आणि ह्याच्यापेक्षा किंचित दाट."

अशा रीतीने कोरगावकरशेठना केस आले. पावसाळाभर येत होते. घरात तेल थांबलं, अभ्रे वाचले, वहिनींनी मला साडी पाठवली. गोदाम दिवाळीआधी रिकामं झालं. विलासची सेल्समधली नोकरी कायम झाली, पुढे बोरिवलीपलीकडची लाइनही त्याला मिळाली. त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की सगळ्यात आधी कोरगावकरशेठ अंगावर धावून जायचे. पॅचचं काम मी पुढे बरीच वर्षं केलं. विग लावून पहिल्यांदा घराबाहेर पडणारा प्रत्येकजण मला विचारायचा, ताई, हे गुपित कुणाला सांगितलं तर चालेल? बायकोला, मित्राला, भावाला? मी म्हणायचे, त्यातल्या कुणाचाच भरवसा नाही. सांगायचंच असेल तर ज्याचा माल गोदामात पडून आहे, त्याला सांगा.